उगवतीच्या फांदीचे डोळे

करमाडच्या शिवारात मोसंबीची कलमं बांधणारे पंचवीस-तीस तरी असतील. पण शेंद्र्यापासून बदनापूरपर्यंत कुणी रोपं आणायला निघालं की घरातलं जाणतं माणूस एवढंच बजावायचं, "आवडाबाईच्या हातचं आन. दुसऱ्या कुनाचं गळ्यात मारून घेऊ नको."

आवडाबाई म्हणजे पाच फुटाला दोन बोटं कमी, अंगानं काटक, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि तोंडाला लगाम नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि पाचव्या दिवशी तात्यासाहेबांच्या रोपवाटिकेत माती चाळायला लागली. माती चाळायची, पिशव्या भरायच्या, पाणी द्यायचं, बायांचं काम एवढंच. चाकू पुरुषांकडं. तिथला जुना कलमवाला चाकूला बाईचा हात लागू द्यायचा नाही. मग ही पठ्ठी दुपारच्या सुट्टीत पाटाच्या कडेला बसून दाढीच्या अर्ध्या पात्यानं बेशरमीच्या काड्यांवर काप द्यायला शिकली. दोन वर्षं बेशरम कापली. तिसऱ्या वर्षी कलमवाला तापानं आडवा पडला, हंगाम तोंडावर आलेला, आणि तात्यासाहेब वैतागून म्हणाले, "आता डोळे कोण भरणार? मी?" तेव्हा पिशव्यांच्या ढिगावरून ही उठली.

डोळा भरणं दिसायला सोपं. जंबेरी लिंबाचं पेन्सिलीएवढं जाड रोप घ्यायचं, त्याला म्हणायचं खुंट. वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चाकूनं काप द्यायचा, साल हलकी उचलायची आणि मोसंबीच्या काडीवरचा गव्हाएवढा एक डोळा सालीसकट काढून आत सरकवायचा. वरून पट्टी. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा असला तर कलम लागलं. सांगायला चार ओळी, पण कापात केसभर फरक पडला की डोळा वाळून काळा. आवडाबाई दिवसाला साडेचारशे डोळे भरायची आणि शंभरातले पंच्याण्णव तरी लागायचे. बाकीच्यांचे ऐंशी लागले की ते चहा पाजायचे.

तात्यासाहेबांच्या विहिरीवर मोसंबीचं एक जुनं झाड होतं. त्यांच्या वडिलांनी लावलेलं, चार मोठ्या फांद्या चार दिशांना गेलेल्या, फळ असं की सोलताना मनगटापर्यंत रस यावा. रोपवाटिकेचं नाव त्या झाडावर. दस्तूर असा, की मार्गशीर्षात हंगाम सुरू होईल त्या दिवशी खोडाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि त्या झाडाची काडी एकाच माणसानं तोडायची, तिचे डोळेही त्यानंच भरायचे. बाकीच्यांनी मागच्या रांगेतल्या झाडांच्या काड्या घ्यायच्या. अकरा वर्षं तो मान आवडाबाईकडं होता. आधी तो त्या कलमवाल्याकडं होता, आणि त्याच्या हातातून तो घेताना आवडाबाईनं तोंडावर लाजही आणली नव्हती.

अकराव्या साली तिनं विहिरीवरच्या झाडाचे बावीसशे डोळे भरले. लागले. कोंब फुटले. माघापर्यंत सगळं झ्याक. चैत्र लागला तशी रोपं थबकली. कोंब बोटभर वाढून तिथंच बसले, पानं वाटीसारखी वळली, शिरा पिवळट. एका रोपाची साल तिनं नखानं सोलून पाहिली, तर आतल्या लाकडावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. खत दिलं, फवारा मारला, सावली वाढवली, कमी केली. रोपं ढिम्म. बाजूच्या वाफ्यात कृष्णानं भरलेली रोपं मांडीला लागली होती. कृष्णा तिशीतला गडी, हात बरा, तोंड त्याहून मोठं.

"मावशे," तो म्हणाला, "माझ्या वाफ्यातलं पानी तुझ्या वाफ्यात सोडू का? गुण लागंल."

"तुझ्या तोंडातलं पानी गीळ आधी," आवडाबाई म्हणाली. आणि तो वळताच आणखी एका रोपाची साल सोलून पाहिली.

वैशाखात तात्यासाहेब वाफ्यापाशी येऊन उभे राहिले. धोतर जाऊन आता पँट आली होती, पण काठी तीच, आणि ती काठी त्यांनी एका रोपाला लावली. "झाड दरसालचंच. खुंट तोच, माती तीच, पाणी तेच. कृष्णाची रोपं बघ आणि तुझी बघ. आवडाबाई, तुझा हात गेला."

"हात गेला म्हंजी? हा काय हितं हाय," तिनं पंजा पुढं केला.

"चेष्टा नको. बावीसशे रोपं आहेत. येत्या हंगामाला झाडाला कृष्णाचा चाकू लागेल. तू पिशव्या भर. मजुरीत फरक करत नाही."

मजुरीत फरक नाही, हेच तिला जास्त लागलं. म्हणजे दया. तिनं चाकू मिटला, कंबरेला खोचला आणि पिशव्यांच्या ढिगाकडं गेली. तीस वर्षांपूर्वी जिथून उठली होती तिथंच.

घरी नवरा पुंजाराम ओसरीवर पाय पसरून बसला होता. त्याचा डावा पाय सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली येऊन आखडला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "माझा पाय गेला, तुझा हात गेला. आता दोघांत मिळून एक मानूस धड राह्यलं बघ."

"तुमचा पाय तुमी दारू पिऊन घालवला. माझा हात मी कुटं घालवला ते सांगा."

पुंजाराम म्हणाला, "नाय गेला. तुझा हात जायचा असता तर मला थापडा मारून मारून कधीच गेला असता."

यावर ती हसली नाही. रोपं मरतात, तो धंदाच तसा. पण आता शिवारभर बोभाटा होणार होता, की आवडाबाईच्या हाताला गुण राहिला नाही. एकदा हे पसरलं की कुणी चाकू देत नाही, करमाडातही नाही आणि बाहेरही नाही. चाकूशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. भाकरीसुद्धा पुंजारामच बऱ्या थापायचा.

ज्येष्ठात एक दिवस पांढऱ्या स्कूटीवर एक बाई रोपवाटिकेत आली. चारुता नाव, वय असेल चौतीस-पस्तीस, राहायला शहरात पुंडलिकनगरला, आणि तिथंच गारखेड्यात तिची लहानशी प्रयोगशाळा. वडील व्यंकटराव कोर्टात कारकून होते. घरात सात पिढ्यांत कुणी माती हातात घेतली नव्हती, हीच पहिली. झाडांना कुठला विषाणू झालाय ते ती जनुकांची अक्षरं वाचून सांगते, असं तिनं तात्यासाहेबांना सांगितलं आणि नमुने मागितले. तात्यासाहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, मोसंबीचा रस दिला आणि नमुना दिला नाही. "आमच्याकडं रोग नाही बाई. एका कलमवालीचा हात बिघडलाय, दुसरं काही नाही."

पिशव्या भरणाऱ्या आवडाबाईच्या कानावर हे पडलं. चारुता फाटकापाशी स्कूटी वळवत होती तेव्हा ती मातीच्या हातानंच आडवी गेली.

"ती हात बिघडलेली मीच. तुमचं मशीन हाताचं सांगतं का?"

चारुता गांगरली. "हाताचं नाही सांगत, मावशी. पानाचं सांगतं. रोपात विषाणू असेल तर नावगावासकट सांगेल. आणि विषाणू निघाला, तर तो हातामुळं आला की आणखी कशामुळं, तेही कळू शकतं."

"आन नाय निघाला तर?"

"तर नाही."

आवडाबाईनं तिच्याकडून पत्ता लिहून घेतला आणि पोलक्यात ठेवला.

दोन दिवसांनी भल्या सकाळी तिनं नमुने तोडले. वाफ्यातून पानं घेतली, विहिरीवरच्या झाडाच्या दोन काड्या घेतल्या. एकेक पान पदरानं पुसलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, फडकं डब्यात. काळीपिवळी जीपनं शहरात उतरली, तिथून रिक्षा. रिक्षावाल्यानं मांडीवर जपून धरलेला डबा पाहिला. "क्या अम्मा, मायके को डब्बा लेके जा रै?"

"डबा नाय रे. पेशंट हाय."

"मंग दवाखाने को छोडूं?"

"व्हय. झाडाच्या."

चारुतानं नमुने घेतले, मोबाईल नंबर विचारला. आवडाबाईला स्वतःचा पाठ नव्हता. रोपवाटिकेच्या ऑफिसचा तेवढा होता, पाटीवर रोज दिसायचा. तो दिला. तिथंच चूक झाली. म्हणजे एक चूक तिथं झाली. दुसरी, मोठी, आधीच होऊन गेली होती.

आठवड्यानं तात्यासाहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. कृष्णा दारात उभाच होता. तात्यासाहेबांनी चष्मा लावून मोबाईलवरचं वाचलं, "तपासलेल्या पाचही नमुन्यांत कोणताही ज्ञात विषाणू आढळला नाही." मग चष्मा काढला. "न विचारता माझ्या झाडाची पानं घेऊन गेलीस. वडिलांच्या झाडावर संशय घेतलास. आता यंत्रानंही सांगितलं. अजून काही?"

ती वळली आणि दारातल्या कृष्णाला ओलांडून पिशव्यांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी ती गारखेड्यात हजर. नमुने घेऊन नव्हे, भांडायला. "तुमचं मशीन आंधळं हाय," दारातूनच सुरुवात. "रोपं डोळ्यासमोर मरायलीत आन ते म्हनतं काय नाय."

चारुतानं तिला बसवलं. फ्रिजमधून पहिल्या वेळची उरलेली पानं आणि काडी काढली आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडली. "हीच ना तुमची पानं? बघा, मावशी. माझ्याकडून अदलाबदल झाली असेल तर तुम्हीच ओळखाल."

आवडाबाई वाकली. पहिलं पान उचललं. गर्द हिरवं, तळव्याएवढं, शिरा ठसठशीत, कुठं डाग नाही. उलटं करून पाहिलं. मग काडी उचलली. गोल, भरलेली, डोळे टपोरे. तिच्या तोंडून निघून गेलं, "काय काडी हाय! हिचे डोळे तर मी झोपेत भरीन."

आणि मग ती तशीच थांबली. काडी हातात.

"काय झालं, मावशी?"

"बये," आवडाबाई सावकाश म्हणाली, "मी कलमाला निवडती तशी निवडली की गं."

तीस वर्षं तिच्या बोटांनी एकच काम केलं होतं. शंभर काड्यांतली चांगली काडी उचलायची, रोगट, वाकडी, पिवळी टाकून द्यायची. नमुना तोडायला गेली तेव्हाही बोटांनी तेच केलं. वाफ्यात बावीसशेतली चाळीसेक रोपं चांगली होती, नेमकी त्यांचीच पानं तोडली. झाडाच्या उत्तम फांदीची उत्तम काडी घेतली. वर पुसून दिली, परक्याच्या घरी न्यायची म्हणून.

चारुताला हसू आवरेना. "म्हणजे आजारी माणसाला घरी ठेवलंत आणि त्याच्या पैलवान भावाला तपासायला आणलंत!"

"हस, हस. माझी इज्जत गेली तिकडं." पण तीही हसत होती. मग हसता हसता तिला दुसरंच काही सुचलं. "पन मला सांग, ती चाळीस रोपं चांगली काहून? बाकी सगळी मेली, तीच काहून वाचली?" तिनं डोळे बारीक केले. डोळे भरले त्या दिवसांत काय काय केलं ते उलटं आठवत गेली. उगवतीची फांदी वाकून हाताशी आली होती म्हणून सगळ्या काड्या तिच्याच घेतल्या. शेवटच्या संध्याकाळी काड्या कमी पडल्या, चाळीस-पन्नास खुंट उरले. मग शिडी लावून मावळतीच्या फांदीच्या तीन काड्या काढल्या होत्या.

"फांदी!" ती ओरडली. "हात तोच, चाकू तोच. फांदी दुसरी."

चारुता आता हसत नव्हती. तिनं कागद ओढला. "झाडाच्या चारही फांद्यांचे वेगवेगळे नमुने पाहिजेत. आणि मावशी, यावेळी जे टाकून द्याल ते आणा."

चोरून तोडायचं नाही, हे आवडाबाईनं परतीच्या वाटेतच ठरवलं. ती थेट तात्यासाहेबांपुढं गेली. सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. मग म्हणाली, "झाडाच्या चार फांद्या तपासू द्या. झाड निर्मळ निघालं तर मी आपुन होऊन चाकू ठेवीन, पिशव्या भरीन, पुन्हा नाव काढनार नाय. पन दोष झाडात निघाला तर तुमी सगळ्यांम्होरं म्हनायचं, आवडाबाईचा हात शाबूत हाय."

तात्यासाहेब बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. संशयी माणूस, पण शब्दाचा. "एका अटीवर. पुड्यांवर नावं नाहीत. नंबर. कुठला नंबर कशाचा, ते माझ्या खिशात. तुला कळणार नाही, त्या बाईलाही कळणार नाही."

"दहा खिशात ठेवा."

यावेळी तोडणं जड गेलं. आजारी काडीकडं हात गेला की बोटं आपोआप सरकून शेजारच्या चांगलीवर. शेवटी तिनं युक्ती केली: चांगली काडी दिसली की आधी ती बाजूला करायची आणि तिच्या मागं जे कळकट उरेल ते घ्यायचं. झाडाच्या चार फांद्या, वाफ्यातली दोन मरतुकडी रोपं, चाळिसांतलं एक चांगलं, आणि कृष्णाच्या वाफ्यातलं एक. आठ पुड्या. तात्यासाहेबांनी ऑफिसात दार लावून त्या उलटसुलट केल्या, नंबर घातले आणि स्वतःच्या गाडीतून आवडाबाईला घेऊन गारखेड्यात गेले.

चारुतानं दोघांनाही काच लावलेल्या खोलीबाहेर उभं करून काम दाखवलं. पान खलात घोटायचं. त्यातला चोथा, हिरवं, पाणी सगळं वेगळं काढत काढत शेवटी पेशीतला न दिसणारा धागा तेवढा ठेवायचा. त्याचं एक थेंबभर पाणी काडेपेटीएवढ्या यंत्रात सोडायचं. यंत्रात बारीक बारीक भोकं. धागा त्यातून ओवला जातो, आणि जे अक्षर भोकात येईल तशी वीज हलते. पडद्यावर अक्षरं उमटतात. चारच अक्षरं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या क्रमानं. मोसंबीची स्वतःची अक्षरं बाजूला काढायची. उरलेली कुणाची, ते जगभरच्या विषाणूंच्या नोंदींशी ताडून बघायचं.

"चार अक्षरांत एवढं सगळं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"तुमच्या बाराखडीतबी मोजकीच की," आवडाबाई म्हणाली. "तरी तुमी किती बोलता."

तिसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. यावेळी कृष्णाही गाडीत चढला. त्याला बघायचंच होतं. चारुतानं चौघांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. आवडाबाई बसली नाही.

"आठांपैकी तीन पुड्यांत विषाणू आहे," चारुता म्हणाली. "पाचांत नाही. तिन्हींत एकच विषाणू. ट्रिस्टेझा. मोसंबीच्या बागाच्या बागा वाळवणारा. दोन, पाच आणि सात नंबरच्या पुडीत."

तात्यासाहेबांनी खिशातून चौकोनी घडी काढली. चष्मा लावला. कागद उलगडला.

"दोन," ते म्हणाले, "मरतुकडं रोप." बोट खाली सरकवलं. "पाच. मरतुकडं रोप, दुसरं." बोट सातव्या ओळीवर गेलं. कृष्णा मान लांब करून कागदात बघत होता.

"सात?" चारुतानं विचारलं.

"विहिरीवरचं झाड," तात्यासाहेब म्हणाले. "उगवतीची फांदी."

आवडाबाईनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. अजून संपलं नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि तसंच झालं. तात्यासाहेब म्हणाले, "असेल. पण हिच्या चाकूनं आधी झाडाला लागला असेल, झाडाचा रोपांना. चाकू तर हिचाच."

"स्वच्छ पुड्यांकडं बघू. पहिली, एक नंबरची, काय आहे?" चारुतानं विचारलं. "ती स्वच्छ आहे."

त्यांनी कागद पाहिला. "वाफ्यातलं चांगलं रोप."

"कुणी भरलेलं?"

"मीच," आवडाबाई म्हणाली. "मावळतीच्या फांदीचं. त्याच चाकूनं, उगवतीचे शेवटचे डोळे भरल्यावर लगेच."

"चाकूनं गेला असता तर आधी तिथं गेला असता," चारुता म्हणाली. "हा विषाणू बागेत चाकूनं पसरत नाही म्हटलं तरी चालेल. तो डोळ्याबरोबर जातो, नाहीतर माव्याच्या किड्यांबरोबर. आणि अजून एक बघा." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. तीन ओळी अक्षरांच्या, एकीखाली एक. "फांदीतला विषाणू आणि दोन्ही रोपांतला विषाणू. एकोणीस हजारांवर अक्षरं आहेत. तिघांत मिळून फरक किती? चार अक्षरांचा. रोपांना तो दुसरीकडून कुठून आला असता तर शेकड्यांनी फरक पडला असता. तो फांदीतूनच आलाय. माव्यानं फांदीवर आणला असावा. कधी आणि कुठून, ते मला छातीठोक सांगता येणार नाही."

तात्यासाहेब त्या तीन ओळींकडं बघत राहिले. त्यांना त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं, पण वरचं खालच्यासारखं आहे हे दिसत होतं. आवडाबाई कडेनं आली, बोट लावून एकेक अक्षर खाली खाली ताडत गेली, जशी वाफ्यात पट्ट्या तपासायची. कुठं अडकलं नाही.

"मावशी," कृष्णा हळूच म्हणाला, "माझं रोप कोनत्या नंबरात हाय?"

"तू गप, तू स्वच्छ हायेस. आंघोळ केली नाय तरी."

सगळे हसले. तात्यासाहेब हसले नाहीत, पण त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली, आणि चारुताला वाकून नमस्कार केला. साठीच्या माणसानं असा नमस्कार केल्यावर काय करायचं ते तिला कळेना. तिनं उठून चहा सांगितला.

परतल्यावर त्यांनी शब्द पाळला. शेडनेटखाली सगळ्यांना गोळा केलं, अठरा माणसं. भाषण त्यांना जमायचं नाही. म्हणाले, "दोष माझ्या झाडात होता. आवडाबाईचा हात शाबूत आहे. मी चुकलो. आता कामाला लागा." आणि ऑफिसकडं निघाले.

"तात्यासाहेब!" आवडाबाईनं हाक मारली. "रोपांचं काय?"

ते थांबले. कृष्णानंच तोंड उघडलं. "विकून टाकू की लांबच्या गिऱ्हाइकाला. आठ-दहा रोपं जगली तरी तो म्हनंल मावशीच्या हातची हायेत, जगतील."

"तेच तर," आवडाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तरी शेडमधला शेवटचा माणूस ऐकत होता. "माझ्या हातची म्हनूनच विकनार ना? आज सकाळपरेंत माझा हात गेलेला होता, तवा तुमी मला चाकू दिला नाय. आता हात शाबूत हाय, तर त्याच्या नावावर हे मेलेलं जाऊ देनार नाय मी. उपटा. चाळिसांतलं एकबी ठेवू नका. एका वाफ्यात होती. आज नाय तर उद्या मावा फिरंल त्यांच्यावर."

तात्यासाहेबांनी वाफ्याकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं. बावीसशे रोपं आणि वडिलांचं झाड. "आणि झाड?"

"झाडाची फळं खा. काडी नको."

त्यांनी मान हलवली आणि शर्टाच्या बाह्या सरकवल्या. पहिलं रोप त्यांनी स्वतः उपटलं. मग अठरा जणांनी दोन दिवस उपटली. खड्ड्यात घालून रॉकेल टाकून पेटवली तेव्हा ओल्या पानांचा असा धूर झाला, की रस्त्यावरच्या गाड्या थांबून विचारायला लागल्या. गिऱ्हाइकांना तात्यासाहेबांनी फोनवर खरं ते सांगितलं. तिघांनी शिव्या दिल्या, दोघांनी सांगितलं पुढच्या वर्षी घेऊ, आणि एक शेतकरी दुसऱ्याच दिवशी चार घाणेरडी पानं घेऊन आला, ही कुठं तपासतात म्हणून.

पुंजारामला हे सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग आता माझ्या पायाचं वाचून सांगंल का ती बाई?"

"तुमच्या पायात दुसरं काय निघनार? देशी," आवडाबाई म्हणाली. पण त्या रात्री भाकरी तिनंच थापल्या. जाड झाल्या. त्यानं तिसरीही मागून घेतली.

श्रावण, भादवा, दोन महिने आवडाबाई बागाबागांतून हिंडली. मागच्या रांगेतली झाडं, शेजारच्या गावांतली झाडं, एकेका झाडाच्या सगळ्या फांद्या. एकवीस झाडं तपासायला पाठवली. चौदांत काही ना काही निघालं. सात झाडं सगळ्या फांद्यांनी स्वच्छ निघाली. त्यांना तात्यासाहेबांनी बारीक जाळीचे मांडव घातले, मावा आत शिरायला नको म्हणून. माणूससुद्धा चप्पल काढून, हात धुऊन आत. कृष्णा म्हणाला देवळातसुद्धा एवढं नाही. तरी मांडवात पहिल्यांदा पाय टाकताना त्यानं टोपी काढली.

मार्गशीर्ष आला. हळदकुंकू घेऊन तात्यासाहेब विहिरीकडं निघाले होते, ते वाटेत वळले आणि सातही मांडवांत जाऊन आले. नारळ पहिल्या झाडापाशी फोडला. आता झाडं सात होती, एका हाताचं काम उरलं नव्हतं. "मान कुणाला?" त्यांनी आवडाबाईलाच विचारलं.

"चौघांना," ती म्हणाली. "पन काडी मी निवडीन. आन निवडायचं बाकी तिघांना शिकवीन. चांगली कशी उचलायची ते, आन वाईट कशी उचलायची तेबी. दुसरं जास्त अवघड हाय."

मग ती खुंटांच्या रांगेपुढं पोत्यावर बसली. बाजूला ओल्या गोणपाटात काड्या, कडेला कृष्णा, त्याच्या पलीकडं दोन बाया, ज्यांनी आजवर फक्त पिशव्या भरल्या होत्या. तिनं चाकू उघडला, अंगठ्यावर धार पाहिली आणि पहिला काप दिला. साल सुटली. डोळा आत सरकला. पट्टी.

दुपारी चारुता आली तेव्हा ती दोनशे ऐंशीवर होती आणि मान वर करायला तयार नव्हती. दिवस मावळताना मोजदाद झाली. पाचशे छत्तीस. तीस वर्षांत एवढे तिनं कधी भरले नव्हते. कृष्णा तीनशे नव्वदवर थांबला होता.

"मावशे, हात दुखत नाय का तुझा?"

"दुखतोय की," ती म्हणाली. "हाय म्हनून दुखतोय." आणि हौदाकडं हात धुवायला गेली.